लिंबू मी कापले, उतरवले नाही

ती घटना मला आजही आठवते, आणि इतरांपेक्षा चांगली आठवते. इतरांनी ती ऐकलेली आहे, मी ती केलेली आहे. एवढा फरक वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावा. प्रकाशा गावच्या यात्रेत, नंदुरबारच्या बाजारात, एवढेच नव्हे तर एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्कार समारंभातही हे प्रकरण माझ्या कानांवर पडले आहे, आणि प्रत्येक वेळी ते चुकीचे पडले आहे. कोणी म्हणतो, फौजदाराने लिंबू उतरवले आणि भूत बोलले. कोणी म्हणतो, आरोपीला झोडपले. मुख्याध्यापक म्हणतात, खरे रहस्य त्यांनी माझ्या कानात सांगितले. माझ्या कानात त्या दिवशी ढोलाखेरीज काहीही शिरले नव्हते. म्हणून नावे वगळून जे घडले ते लिहून ठेवतो.

गोष्ट द्वैभाषिक मुंबई राज्याच्या काळातली. आज ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात तो तेव्हा जन्मला नव्हता. आमचा सर्व कारभार धुळ्याच्या मुख्यालयातून चाले. तापीकाठच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. इंटर सायन्सपर्यंत शिकून पोलिसात आलेला मी त्या भागातला बहुधा एकटाच असेन. प्रयोगशाळेचे संस्कार खाकी घातल्याने पुसले जात नाहीत, हे पुढील मजकुरावरून दिसेल.

वैशाखातली सकाळ होती. हजेरी आटोपली होती, लॉकअप रिकामे होते, आणि ठाणे अंमलदार शाईच्या दौतीत पाणी घालून ती पुरवत बसला होता. एवढ्यात दोन कोसांवरच्या एका गावाचा कोतवाल धापा टाकत आला. पोलीस पाटलांनी त्याला तोंडी निरोप देऊन धाडले होते. त्याने ठाण्याच्या पायरीवरूनच आरोळी ठोकली, “साहेब, लगीनघरमा रगत! नवरीना आंगवर रगत!”

लग्नघर, नवरी आणि रक्त हे तीन शब्द एका वाक्यात आले की फौजदार खुर्चीत राहत नाही. स्टेशन डायरीत नोंद करवून, हवालदार आणि एक शिपाई बरोबर घेऊन मी निघालो. वाटेत कोतवालाला विचारले, “कोण मेले?”

“मरेल कोनी नही, साहेब.”

“जखमी कोण?”

“कोनीच नही.”

“मग रक्त कोणाचे?”

कोतवाल विचारात पडला आणि म्हणाला, “तेच तं इचाराले तुमले बलायेल शे.”

हवालदार तोंड फिरवून हसला. तो अस्सल खानदेशी होता; गुन्हेगाराशी अहिराणीत बोले आणि माझ्याशी सरकारी मराठीत. मात्र उत्साहात आला की त्याची सरकारी मराठी सुटे.

गाव तापीच्या अगदी काठावर. घर गुजर शेतकऱ्याचे, कापूस आणि केळीवर सुखी असलेले. अंगणात जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांचा मांडव, दारात केळीचे खांब, वाजंत्री ढोल मांडीवर घेऊन गप्प बसलेले. मांडवाच्या एका बाजूस रनाळ्याकडून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन आलेली मंडळी पाठ फिरवून उभी होती. मांडवाबाहेर, रणरणत्या उन्हात, एक पन्नाशीची विधवा बाई मातीत बसली होती. आणि तिच्या शेजारी, ओल्या लुगड्यानिशी, खुद्द नवरी बसली होती. नवरीच्या अंगावर हळदीचे पिवळे पट्टे असायला हवे होते, तिथे खांद्यापासून पदरापर्यंत लालभडक ओघळ वाळलेले होते. खरोखरच रक्तासारखे. मी क्षणभर थबकलो हे कबूल करतो, भ्यालो नाही.

पोलीस पाटलांनी हकिगत सांगितली. नवरीची आई लहानपणीच गेलेली. ही विधवा बाई तिची फुई, म्हणजे बापाची सख्खी बहीण. तिनेच मुलीला वाढवलेले. विधवेने हळदीला हात लावायचा नाही असा रिवाज. ती बिचारी दूरच होती. परंतु आपल्या पोरीच्या न्हाणाचे पाणी तरी आपण आणावे एवढी तिची हौस. लग्नासाठी म्हणून नदीच्या वाळूत नवरीच्या भावांनी पहाटे नवा झिरा खणला होता. वाळूतल्या खड्ड्यात आपोआप झिरपून येणारे ते पाणी आमच्या भागात सर्वांत शुद्ध मानतात. त्या झिऱ्यातून फुईने घागर भरून आणली. सवाष्णींनी हळद लावली, वरून ते पाणी घातले, आणि हळद लाल झाली.

रनाळ्याकडच्या मंडळींत एक वृद्ध होते, नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांनी काठी आपटून निकाल दिला होता: “आठे डाकन शे. जिना हातना पानीनं रगत व्हस, ती बाई ह्या गावमा राहिनी तं आम्हना नवरदेव मांडवमा येवाव नही.”

वाचकांपैकी जे शहरात वाढले त्यांना ‘डाकण’, म्हणजे चेटकीण, या शब्दाचे वजन ठाऊक नसेल. त्या काळी हा शब्द एकदा बाईला चिकटला की तिला गाव सोडावे लागे, आणि तेवढ्यावर निभावले तर ती नशीबवान. म्हणून माझ्यापुढचा प्रश्न लग्नाचा नव्हता. लग्न मोडले तर दुसरे जमते. या बाईला त्या दिवशी सूर्यास्ताच्या आत मी निर्दोष ठरवले नसते, तर पुढे कोणत्याही न्यायालयाने ते काम केले नसते.

मी बाईंना विचारले, “पाणी तुम्ही आणलेत?”

“मन्हाच हातनं पानी, साहेब,” ती शांतपणे म्हणाली. “पन हात मन्हा धुयेल व्हतात. रगत कोठेन उनं, हाई तापीमायलेच ठाव.”

नवरीला मी म्हणालो, “बेटा, सावलीत जा.”

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. “फुई भायेर तं मी बी भायेर. लगीन रेतीमा लावा.”

अशी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. त्याच क्षणी मी मनाशी ठरवले की हे लग्न लागणार.

आता मुख्याध्यापकांचा प्रवेश. ते त्या लग्नाचे निमंत्रित होते. गळ्यात उपरणे, हातात छत्री. त्यांनी मला बाजूला घेतले, इथपर्यंत त्यांची कथा खरी आहे. मात्र ते काय म्हणाले, तेही ऐका. ते म्हणाले, “फौजदारसाहेब, वाळूत गेरू असावा. गेरूने पाणी लाल होते.” हे त्यांचे रहस्य! मी त्यांना घागर दाखवली. घागरीतले उरलेले पाणी काचेसारखे स्वच्छ होते. गेरू असता तर पाणी घागरीतच लाल असते. हे पाणी नितळ होते, हळदही पिवळी होती, आणि दोघांची गाठ पडली तेव्हा लाल उमटले. याला गेरू म्हणत नाहीत, याला रासायनिक क्रिया म्हणतात. मुख्याध्यापक “हो, तेही असेल” म्हणाले आणि पन्हे प्यायला गेले. पुढे सत्कारात त्यांनी याच वाक्याचे काय केले ते आपण जाणताच.

मी घागरीत बोटे बुडवून चोळली. हवालदारालाही बुडवायला लावली.

“साहेब, बुयबुय लागस,” तो म्हणाला. “जशा काय साबन लायेल शे.”

साबण! हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक धुण्याच्या दगडाला ठाऊक आहे. त्या मांडवातल्या प्रत्येक बाईलाही ते ठाऊक होते. परंतु ते ज्ञान धुण्याच्या दगडापाशी राहिले होते. मांडवात भीती आली तेव्हा ते बरोबर कोणी आणले नाही. माणसाला जे माहीत असते आणि माणसाला ऐन वेळी जे आठवते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस वर्षे जबाब नोंदवून मी हे शिकलो. (हळद आणि साबणाची ही गोष्ट आपणच मला आदल्या वर्षी सांगितली होती, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. तिने आपले निवेदन स्वतंत्र लिहावे.)

हळद ही खाराची साक्षीदार आहे. खार दिसला की ती लाल होते, आंबट दिसले की पुन्हा पिवळी होते. तेव्हा त्या झिऱ्याच्या पाण्यात खार होता. नदीत खार कोठून आला? इथे मला माझ्याच ठाण्यातली एक खबर आठवली. काही दिवसांपूर्वी नंदुरबारच्या रेल्वे स्टेशनावरून एका साबणवाल्याचा माल बैलगाड्यांनी नदीपात्र ओलांडून गेला होता आणि उतारावर एक लोखंडी पिंप गाडीतून गडगडून नाहीसे झाले होते. पिंपात कास्टिक सोडा होता. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, हवालदारालासुद्धा नाही. तपासात जो शब्द तुम्ही बोलत नाही, तोच पुढे तुमच्या उपयोगी पडतो.

मी मागणी केली: एक ताटभर कुटलेली हळद, पांढऱ्या कापडाच्या चिंध्या आणि दोन फावडी. आजोबांनी काठी आपटली, “फौजदार काय स्वयंपाक कराव शे का?”  मी नदीकडे चालू लागलो. सारे गाव मागे निघाले. वाजंत्री सकाळपासून रिकामे बसून कंटाळले होते, तेही ढोल घेऊन आले.

तापी उन्हाळ्यात एका काठाला सरकून वाहते आणि उरलेले पात्र वाळूचे असते. पण ती वाळू कोरडी दिसते एवढेच. तिच्या पोटातून नदी चालतच असते, हळूहळू, वरून खाली. माझे गृहीत सरळ होते. खार जिथे असेल तिथून तो वाळूखालच्या पाण्याबरोबर खाली पसरणार, पसरता पसरता पातळ होणार, आणि त्याच्या वरच्या अंगाला मुळीच असणार नाही. म्हणून हळद लावलेली चिंधी हेच माझे श्वान.

गावाचे जुने झिरे खाली होते. तिथे चिंधी बुडवली. पिवळी ती पिवळीच. गावाचे पिण्याचे पाणी सुरक्षित होते, हे पाहून पहिला निःश्वास टाकला. मग लग्नाचा नवा झिरा, सर्वांत वरचा: चिंधी लाल. तिथून पुढे मी वरच्या दिशेने वाळूत हातभर खड्डे खणायला लावले. पाणी झिरपले की चिंधी बुडवायची. पहिला खड्डा: लाल. दुसरा: गडद लाल. पोरे ओरडू लागली. तिसऱ्या खड्ड्याला चिंधी जवळजवळ तपकिरी झाली आणि ढोलवाल्याला राहवले नाही. त्याने थाप मारली. त्यानंतर प्रत्येक लालीला ढोल वाजू लागला. काठावरून एक आजीबाई ओरडली, “वं माय! फौजदार तापीमायलेच हयद लाई ऱ्हायना!” आणि सगळे पात्र हसले. सकाळी जे लोक दबक्या आवाजात डाकिणीचे बोलत होते, ते आता पुढच्या खड्ड्यावर पैजा लावत होते. भीती घालवायला प्रवचन लागत नाही, हातात फावडे दिले तरी पुरते.

पुढचा खड्डा खणला. चिंधी बुडवली. स्वच्छ पिवळी.

ढोल थांबला. मी मागे वळून पाहिले. तपकिरी आणि स्वच्छ पिवळा या दोन खड्ड्यांच्या मध्ये, एका खडकाच्या आडोशाला, वाळूचा लहानसा उंचवटा होता.

हवालदार फावडे उचलून धावला. “थांब,” मी म्हणालो. “खणायचे नाही.”

माझ्यावर टीका करणाऱ्यांना हा प्रसंग कधीच कळला नाही. पोलिसांनी उकरून काढलेला माल फक्त माल असतो. ज्याने पुरला त्याने स्वतः पंचांसमक्ष जागा दाखवून काढून दिला, तर तो पुरावा असतो. मी शिपायाला त्या उंचवट्यापाशी उभा केला, झिऱ्याचे पाणी कोणी तोंडाला लावू नये अशी ताकीद दिली आणि गावकऱ्यांना सांगितले, “खाली काय आहे ते मला ठाऊक नाही. सगळे मांडवात चला.” ठाऊक नव्हते हे अर्धे खरे होते. पण शपथेवर बोललो नव्हतो.

जेवणाची वेळ झाली होती. वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी तयार होती. तणाव असो, नसो, खानदेशात अन्न तयार झाले की पंगत बसते. मी जेवता जेवता पंगत न्याहाळत होतो. सगळे ओरपत होते. एक मनुष्य मात्र बट्टी-भाजीला हात न लावता ताकाचे पेले रिचवत होता. तो नवरीचा काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ आणि त्या फुईचाही धाकटा भाऊ. हौशी, गोलमटोल, सगळ्यांचा लाडका. घरच्या लग्नात खानदेशी माणूस तिखटाला नको म्हणतो, तेव्हा त्याच्या पोटात तरी काही आहे किंवा मनात तरी. मी वाढप्याला विचारले. तो म्हणाला, “दोन-चार दिवस व्हयनात, तोंड येल शे म्हंतस.”

मांडवासाठी जांभळीच्या डहाळ्या आणायला गाडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला कोण गेले होते, अशी चौकशी केली. तिघे निघाले: हा काका, शेजारचा एक शेतकरी आणि घरचा सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा गडी, गरीब माणूस. आजोबांनी लगेच काठी त्याच्याकडे रोखली. संशय नेहमी सर्वांत स्वस्त माणसावर आधी बसतो. मी काठी खाली करायला लावली.

तिघांना पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसवले. मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील पंच. आजोबा न बोलावता आले. हवालदाराने बाह्या सारल्या; मी त्याला त्या परत खाली करायला सांगितले. ज्यांनी झोडपल्याच्या कथा पसरवल्या त्यांच्यासाठी लिहितो: त्या ओट्यावर सर्वांत जोराने आपटलेली वस्तू म्हणजे आजोबांची काठी.

मी साधे प्रश्न विचारले. गाडी कोणत्या वाटेने नेली? बैल कोणाचे? परत कोण आधी आले? शेजारी आणि सालदार नीट बोलले. काका जिभेवर निखारा असल्यासारखा बोबडे बोलत होता आणि प्रत्येक उत्तरानंतर पाणी मागत होता. आपण गाडीजवळच थांबलो, खडकाकडे गेलोच नाही, असे तो म्हणाला. तासभर तेच. मग मी कंटाळल्यासारखी जांभई दिली, वही मिटली आणि हवालदाराला मोठ्याने म्हणालो, “काही निष्पन्न होत नाही. सोडा.”

वाचकहो, इथे थोडे भाषेचे सांगणे भाग आहे. अहिराणी माणूस कोणाला मोकळे करायचे असले की ‘सोडी द्या’ म्हणतो. नुसते ‘सोडा’ हे आमच्या कचेरीचे मराठी. शेजारी आणि सालदार माझ्या हाताची खूण पाहून आनंदाने उठले. काका मात्र जागच्या जागी पांढराफटक पडला आणि दोन्ही हात हलवत ओरडला,

“कोनता सोडा, साहेब? माले काय माहीत सोडा-बिडा! मी कोनताच सोडा देखेल नही!”

हवालदाराने माझ्याकडे पाहिले, मी काकाकडे पाहिले, आणि काकाने आपल्याच तोंडावर हात ठेवला.

पुढे काही विद्वानांनी म्हटले की फौजदाराला खरोखरच त्यांना सोडायचे होते आणि शब्द योगायोगाने लागला. त्यांना माझा एकच प्रश्न: मला सोडायचेच असते तर मी ‘जाऊ द्या’ म्हणालो नसतो काय? मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. मी तो शब्द निवडला होता. गळाला गांडूळ लावतात तसा तो मी ‘सोडला’ होता.

“सोड्याचे नाव या गावात कोणी काढले?” मी विचारले.

काका ढसाढसा रडू लागला. रडता रडता त्याने जी कबुली दिली ती ऐकून सालदार आधी हसला, मग हवालदार, मग मीही. डहाळ्या तोडताना त्याला वाळूत ते पिंप पडलेले दिसले. झाकण उचकटून पाहिले तर आत पांढरे शुभ्र. “मी समजनू, साखर शे,” तो म्हणाला. “आपली साखर पोतामा येस. हाई पिंपमा व्हती, म्हनीसन समजनू का इलायती शे. पोरीना लगीनमा इलायती साखरनी बुंदी करसूत, गाव याद ठेवई!”

“मग?”

“मंग चाखी देखी.”

त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. शेंड्यावर पांढरा चट्टा. जीभ भाजल्यावर त्याने पिंपावरची अक्षरे वाचली. व्यापाऱ्याने गुजरातीत ‘सोडा’ असे रंगवले होते, आणि त्या घरात गुजराती वाचता येई. परत द्यावे तर चोरीचा आळ येईल, ठेवावे तर उपयोग नाही, म्हणून त्याने ते आडवे पाडून खडकामागे वाळूत पुरले. उचकटलेले झाकण काही नीट बसले नाही.

एवढ्यात फुई ओट्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिला कोणी बोलावले नव्हते, पण आता तिला अडवण्याची कोणाची छाती नव्हती. कमरेवर हात ठेवून ती भावाला म्हणाली, “साखर चाखाले जीभ भायेर निंघनी, आन् बहीनले डाकन म्हनेत तवय जीभ कोठे गयथी रे गधडा?”

“बाई, देवनी आन!” तो हात जोडून म्हणाला. “पुरेल चीज रेतीमा चालत जास, हाई माले काय ठाव? मी तं समजनू, पुरं ते पुरं!”

ते खोटे नव्हते. मी हजारो चेहरे वाचले आहेत. त्या माणसाच्या डोक्यात वाळूखालची नदी कधी आलीच नव्हती. फुईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. झोडपल्याची जी कथा आहे, तिचे मूळ बहुधा इथे असावे.

रीतसर निवेदन लिहिले. काकाने पंचांपुढे चालत जाऊन ती जागा दाखवली आणि पिंप काढून दिले. जमिनीला लागलेल्या बाजूने अर्धाअधिक सोडा विरघळून गेला होता. उरलेला लाकडी फळ्यांनी उचलून, हात न लावता, सीलबंद केला. तो लग्नाचा झिरा बुजवला आणि पहिल्या पुरापर्यंत त्या पट्ट्यात कोणी झिरा काढू नये असे पोलीस पाटलांना बजावले.

कायद्याचे काम झाले होते. बाईचे व्हायचे होते. आजोबा अजून हेका सोडत नव्हते. “सोडा राहो का साखर राहो,” ते म्हणाले, “पानी तिना हातमा लाल व्हयनं.”

मी सर्वांना मांडवात गोळा केले. नवरीच्या लुगड्याचा लाल पदर हातात घेतला. मांडवाच्या खांबाला दृष्ट लागू नये म्हणून मिरच्यांसह लिंबू बांधले होते. तेच मी खसकन ओढून काढले, अडकित्त्याने कापले आणि पदरावर पिळले. लालीच्या मधोमध थेंब पडला, आणि जिथे पडला तिथून पिवळा रंग फुलासारखा उमलत गेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रक्ताची हळद झाली.

मी भाषण सुरू केले. “मंडळी, हळद खाराने लाल होते आणि आंबटाने...”

“उतरी गयं!” आजोबा मोठ्याने ओरडले. “फौजदारनी उतरी टाकं!”

“उतरले नाही!” मी ओरडलो. “आंबटाने खार मारला!”

पण ढोल सुरू झाला होता. बायकांनी गाणी धरली होती. वर्षानुवर्षे खानदेशात फिरणारी ती खोटी कथा अशी माझ्या डोळ्यांसमोर जन्मली, आणि पिस्तूल कमरेला असूनही मी ती अडवू शकलो नाही.

खालच्या जुन्या झिऱ्यावरून ताजे पाणी आले. फुईनेच आणले, कारण नवरी दुसऱ्या कोणाचे पाणी घेईना. आणि मग नवरीने हळदीची वाटीच उचलून फुईच्या पुढे धरली. आजोबांची काठी वर गेली. नवरी त्यांना म्हणाली, “आजा, तुम्हीच सांगेल शे, ह्या हातना पानीनं रगत व्हस. आते देखा ना.”

आजोबांची काठी हवेतच राहिली. फुईने पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली, वरून पाणी घातले. पिवळे ते पिवळेच ओघळले, भर उन्हात सोन्यासारखे. फुई रडत हसली, माझ्याकडे वळली आणि, मी मागे सरकण्यापूर्वीच, उरलेली हळद माझ्या गालावर आणि खाकी कॉलरवर माखली. “साहेब, मन्ही पत ऱ्हायनी,” ती म्हणाली. “आते तुम्ही बी आम्हनाच.”

हवालदार जवळ येऊन पुटपुटला, “साहेब, काकाचं काय करायचं?” गुन्हा सापडलेल्या मालाच्या अपहाराचा, जामीनपात्र. मी म्हणालो, “जातमुचलका घ्या आणि सोडा.”

मागून काकाचा रडवेला आवाज आला, “आजूक सोडा?”

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागले. आरोपीला त्यात जेवू घातले म्हणून पुढे कोणी अर्ज केला होता. आरोपी काही जेवला नाही, ताकच प्यायला. साबणवाल्याने नुकसानभरपाई घेऊन न्यायालयात तडजोड केली, एवढेच या प्रकरणाचे कायदेशीर पर्यवसान.

या प्रकरणाने मला शिकवले ते त्या काकाच्याच वाक्यात आहे: पुरं ते पुरं, म्हणजे पुरले की संपले. तो अडाणी समज नाही. पुढे सेवेत मी मोठमोठ्या कारखान्यांचे शिकलेले व्यवस्थापक कुंपणामागच्या खड्ड्याकडे बोट दाखवून हेच वाक्य शुद्ध भाषेत म्हणताना ऐकले आहेत. प्रत्येक वेळी मी त्यांना विचारले, खाली झिरा कोणाचा आहे? जमिनीत टाकलेली वस्तू संपत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड प्रवासाला निघते, आणि जाब मात्र खाली पाणी भरणाऱ्या बाईला द्यावा लागतो.

त्या घराण्यात आजही लग्न निघाले की मला निमंत्रण येते आणि खाली एक ओळ असते: साहेब, लिंबू लेता या. मी जातो. मांडवात लिंबू कापतो, खार आणि आंबट यांचे शास्त्र समजावतो. सगळे आदराने ऐकतात आणि शेवटी कोणीतरी म्हणतेच, “साहेबनी उतरं!” मग मी भांडतो, मग वरण-बट्टी खातो.

एक दुरुस्ती राहिली. त्या घरी नवरीला पहिली हळद घरातली सर्वांत वडील विधवा लावते. ही चाल फौजदाराने पाडली असे गावात सांगतात. तेही साफ खोटे आहे. फौजदाराने फक्त पाणी तपासले. वाटी नवरीने उचलली होती.